रिसेटनंतर जरा थांबायचं

९ जाने. ९८, शुक्रवार
तर मामाचं परत तेच. "फुकट." दर शुक्रवारी त्याच्या कंपनीला सुट्टी, दर शुक्रवारी तो अंबरनाथहून बदलापूरला येणार, माझ्या खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसणार आणि म्हणणार, "दत्त्या, फुकट वाटणारा माणूस येडा तरी असतो नाहीतर चोर तरी. तुझे ते लिनक्सवाले दोन्हीपैकी कोण?" म्हटलं, मामा, जगभरातली माणसं मिळून लिनक्सचा कर्नल लिहितात. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा मुकादम समज, आतली सगळी कामं तो वाटून देतो. ज्याला चूक सापडेल तो दुरुस्त करून परत पाठवतो. कोणी कोणाचा नोकर नाही.
"मग भाकरी कोण घालतं त्यांना?"
याचं उत्तर मला गेल्या वर्षीही आलं नव्हतं, आजही आलं नाही. म्हणून राग जास्त.
जाताना दारात म्हणाला, कंपनीच्या रंगखात्यात जागा होतेय, परमनंट. पाडव्यापर्यंत धरून ठेवतो. त्यानेच तिथे चिकटवलेलं मला, वर्षात सोडून आलो, ते त्याच्या मनातून जात नाही. साबणाने घासूनही हात पिवळेच राहायचे, ते माझ्या मनातून जात नाही.

१२ जाने.
कॉम्प्युटरच्या दुकानात वाईट दिवस. मशिनी एकमेकींना जोडायच्या नेटवर्क कार्डांचं ते खोकं मीच मालकाला, लछूशेठला, घ्यायला लावलेलं. "शेठ, तैवानचा माल, स्वस्त पडतो, लिनक्सवर पळतो." पळतो. पण जरा लोड आला की मरतो. अंबरनाथच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सगळ्या मशिनींत लावली कार्डं. पोरांनी एकदम फाइली ओढायला घेतल्या की एकेक मशीन नेटवर्कवरून गळायला लागतं. क्लासच्या बाईंचे फोनवर फोन.
शेठ ओरडला नाही. खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"दत्तू, या तो डब्बा खाली होगा, या तेरी कुर्सी."
उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, दुकानाच्या आसपास, माझ्यासारखे स्क्रू फिरवणारे ढिगाने आहेत. त्यालाही माहीत, मलाही.

१५ जाने.
सापडलं. 
ड्रायव्हरची फाइल वाचत होतो (ड्रायव्हर म्हणजे कर्नलमधला कार्ड चालवणारा तुकडा). इंग्रजी मला अर्धंच कळतं, पण कोडमधलं इंग्रजी थोडंच असतं आणि परत परत तेच असतं. शेजारी दुसऱ्या कंपनीच्या कार्डाची फाइल. दोन्ही समोरासमोर लावल्या. त्या फाइलीत कार्ड रिसेट केल्यावर, म्हणजे झोपवून परत उठवल्यावर, थोडं थांबतात. आपल्यात थांबतच नाहीत. कार्ड अजून डोळे चोळतंय आणि ड्रायव्हर त्याच्या डोक्यावर पोती टाकायला लागतो.
थांबायची एक ओळ घातली. कर्नल परत बनवला. दोन मशिनींमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत फाइली ढकलल्या. नाही मेलं. एकदाही नाही.
नववी नापास. आज कर्नल दुरुस्त केला. कोणाला सांगू?

१६ जाने.
शेठला सांगितलं. त्याने मागच्या दुकानातून दाल-पकवान मागवलं. मग दार लोटून हळू आवाजात, "किसी को बताना मत. अपनी फ्लॉपी बना. कार्ड के साथ देंगे, फ्लॉपी के अलग पैसे."
म्हटलं, शेठ, लिनक्सच्या लायसनात लिहिलंय, ज्याला प्रोग्राम द्याल त्याला मागितल्यावर मूळ कोडही द्यायचा.
"कौन माँगेगा? अंबरनाथ की मैडम?"
आणि खरंच कोण मागणार. फ्लॉपी बनवली. क्लासमध्ये फ्लॉपी लावून आलो, चालतंय. बाई खूश. आज शुक्रवार, रात्री मामा आला, त्यालाही सांगितलं. "म्हणजे शेठने पैसे केले, तुला पकवान." बोलला ते खोटं नाही.

३ फेब्रु.
क्लासच्या बाईंनी मासिकाच्या सीडीवरून नवा कर्नल चढवला. त्यात माझी ओळ कुठून असणार? सगळी कार्डं परत मेली. परत मी पिशवी घेऊन अंबरनाथ. तिथून येतो तर दुकानाशेजारच्या जीन्सवाल्याकडे तेच.
आता डोक्यात प्रकाश पडतोय. नवा कर्नल निघाला की मी फ्लॉपी बदलत फिरणार. दर वेळी. जन्मभर.

४ फेब्रु.
शेठशी भांडण. म्हटलं, ती ओळ मूळ कर्नलमध्येच गेली तर फ्लॉपीच नको. नवा निघाला तरी आपलं कार्ड आपोआप चालणार.
"फिर तो सबका कार्ड चलेगा."
"सगळ्यांकडे कुठंय? खोकं तर आपल्याकडे आहे."
शेठने पेनाने कान खाजवला. धंद्याचं बोललं की त्याला लगेच पोचतं. "और वो लोग लेंगे? तेरे हाथ का?"
"माहीत नाही."
"भेज. पर फोन का बिल तेरे पगार से."

७ फेब्रु.
पेंडसे काका, माझे घरमालक, हेंद्रेपाड्यात खाली राहतात. कारखान्यात ऑफिसर होते, रिटायर. इंग्रजी म्हटलं की काकाच. मी मराठीत सांगितलं, त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाइप केलं. रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू सबमिट. पानभर. माझं शिक्षण गाळलं, "ते नको रे दत्ता." खाली माझं नाव आणि बदलापूर (प.), कारण अर्जावर ठिकाण हवंच. त्याखाली सहपत्र एक, म्हणजे माझा पॅच. पॅच म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, कोणती ओळ गेली, कोणती आली. माझ्या फ्लॉपीवरून काकांनीच तो चिकटवला.
दुकानातून मेल पाठवला. हे ड्रायव्हर सांभाळणारा एक माणूस आहे, मेंटेनर म्हणतात. कुठल्या तरी थंड देशातला. त्याने घेतलं तरच आत.

१० फेब्रु.
उत्तर आलं. चार ओळी. पॅच लागत नाही, म्हणजे मूळ फाइलीवर बसत नाही. टॅबच्या जागी स्पेस आहेत. ओळींची पहिली अक्षरं कॅपिटल का? पत्र नको, फक्त काय बिघडतं आणि तुम्ही काय केलं ते लिहा.
काका लाल. "ना डिअर, ना थँक्यू. हा माणूस कुठल्या शाळेत गेलाय?"
मग कळलं. काकांच्या प्रोग्रामने अर्जाबरोबर माझा कोडही नीटनेटका करून टाकला होता. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर मोठं, टॅब काढून समास सरळ. वर काकांनी दोन ठिकाणी स्वतः फुलस्टॉप दिलेला.
"वाक्य संपलं होतं रे."
पोट धरून हसलो. काका दोन मिनिटं रुसून बसले, मग तेही.

१४ फेब्रु.
या वेळी काकांनी नुसती तीन वाक्यं सांगितली, मी दुकानात साध्या एडिटरमध्ये टाइप केलं. पॅचला काकांचा हात लागू दिला नाही. नाव-गाव मात्र ठेवायला लावलंच.
संध्याकाळपर्यंत उत्तर. पॅच लागला. पण घेणार नाही. या ड्रायव्हरवर दुसरी कितीतरी कार्डं चालतात, ती थांबायची गरज नसताना थांबतील.
डोकं फिरलं. आमची कार्डं स्वस्तातली म्हणून नको तुम्हाला, असं सरळ म्हणा ना. कळफलकावर तसं टाइपही केलं. शेठ मागून वाचत होता. इंग्रजी त्याला माझ्याएवढंच. "गाली है?" म्हणाला. म्हटलं, हो. "मिटा. गिराक है वो."

१५ फेब्रु.
सकाळी शांत डोक्याने जुनं चांगल्या कंपनीचं कार्ड लावून बघितलं. माझ्या ओळीने ते रखडतंय. म्हणजे त्याचंच बरोबर. बरं झालं शेठने पुसायला लावलं.

२१ फेब्रु.
आठवडा असाच गेला. आपलं कार्ड ओळखायचं कसं? शेवटी शेजारच्याच एका फाइलीत दिसलं. प्रत्येक कार्डाच्या पोटात नंबर असतो, त्याचा पहिला भाग बनवणाऱ्याचा. आपल्या खोक्यातली सगळी काढून वाचली. सगळ्यांचा पहिला भाग सारखा. तो दिसला तरच थांब, नाहीतर चालू पड.
जुनं कार्ड पळतंय. आपलं मरत नाहीये. पाठवलं.

५ मार्च
काही नाही. होही नाही, नाहीही नाही. रोज फोन लावून मेल बघतो, रोज शेठ घड्याळ बघतो. खोकं अजून अर्धं भरलेलं, आणि त्याने परवा माझ्या कामासाठी दुसरा एक पोरगा बोलावला होता, "खाली देखने आया है" म्हणे.
मामा गेल्या शुक्रवारी: "पाडवा आला दत्त्या. साहेबाला काय सांगू?"
म्हटलं, थांब जरा. मी कोणाला थांब म्हणतोय, माझं बूड आजवर कुठल्या खुर्चीवर टिकलंय?

६ मार्च
काकांचा सल्ला: रिमाइंडर नंबर एक काढ, वरिष्ठांना प्रत. म्हटलं काका, ह्यांना वरिष्ठ नसतो. पण त्या लोकांच्या जुन्या मेल वाचल्या तर दिसलं की उत्तर नाही आलं तर रागवायचं नसतं. हरवला समजायचं आणि तोच परत पाठवायचा. तसाच्या तसा पाठवला.

९ मार्च
"अप्लाइड, थँक्स."
एवढंच आलं. बास.
शेठ म्हणाला, "मतलब?" म्हटलं, घेतलं. आपलं घेतलं. शेठने काउंटरवर थाप मारली ती अशी की जीन्सवाला बाहेरून डोकावला.
काकांना घरी सांगितलं तर, "दोनच शब्द? आणि त्यावर तू एवढ्या उड्या मारतोयस?" म्हटलं, काका, त्याने पहिल्यांदा थँक्स म्हटलंय. यावर काकांनी मान डोलावली आणि काकूंना शिरा करायला सांगितला.

२० मार्च, शुक्रवार
नवा कर्नल निघाला. सकाळी सहाला दुकान उघडून उतरवायला लावला, त्या वेळी लाइन मोकळी असते. दोनदा तुटला. तिसऱ्यांदा पूर्ण आला. फाइल उघडली. वर जिथे कोणी काय केलं ते लिहितात, तिथे सगळ्यात खाली नवी ओळ.
दत्ता शेलार, बदलापूर (प.). स्वस्त कार्डांसाठी रिसेटनंतरचा थांबा.
बदलापूर (प.) त्याने तसंच ठेवलंय, कंसासकट. बाकीच्यांची नुसती नावं. त्याला वाटलं असेल माझं आडनावच तसं.
काकांना प्रिंट दाखवला. चष्मा पुसून परत वाचला. म्हणाले, "बघ. ठिकाण घालायला मीच सांगितलं होतं."
शेठने दुसरा प्रिंट काचेवर चिकटवला. खाली स्वतःच्या हाताने: यह कार्ड यहीं मिलता है.
मामा कॅम्प एकलाच आला. काचेसमोर उभा राहून एकेक अक्षर लावून वाचलं. मग आत आला.
"हे जगात सगळीकडे जाणार?"
"जिथे जिथे हा कर्नल जाईल तिथे."
"अमेरिकेत पण?"
"हो."
"आणि पैसे कुठे लिहिलेत यात?"
"नाहीत लिहिलेले."
"म्हणजे फुकटच."
"फुकटच मामा. आणि त्या कर्नलमधलं बाकीचं सगळं पण मला फुकटच मिळालंय, माझी तर एक ओळ."
मामाने वळून काचेकडे परत एकदा बघितलं. मग म्हणाला, "एक कागद दे. कॅन्टीनमध्ये दाखवतो."

२५ मार्च
कल्याणचा डीलर खोक्यातली उरलेली सगळी कार्डं उचलून घेऊन गेला. त्याच्या गिऱ्हाइकांनी नवा कर्नल टाकला आणि कार्ड आपोआप चाललं, एवढंच. मला कोणाकडे जावं लागलं नाही. शेठने दुसरं खोकं मागवलंय. फोनबिलाचं पगारातून काही कापलं नाही, पगार वाढवला. त्या दुसऱ्या पोराचा विषय नाही.

३० मार्च
पाडवा झाला, शेठचा सिंधी नववर्षाचा चेटीचंडही झाला. शेठकडचा गोड भात आणि काकूंचं श्रीखंड, पोट अजून जड आहे. रंगखात्यातली जागा दुसऱ्याला गेली. मामा म्हणाला, "मीच सांगितलं साहेबाला, आमचा येत नाही." आवाज वाईट वाटल्यासारखा होता, पण कागद अजून त्याच्या खिशात दिसला, घड्या पडून मऊ झालेला.
आज एक मेल. अनोळखी माणूस, कुठल्या तरी लांबच्या देशातल्या शाळेतला. दोन प्रोसेसरच्या मशीनवर आमचं कार्ड अडकतं म्हणे. ड्रायव्हरवर तुमचं नाव दिसलं म्हणून तुम्हालाच लिहितोय.
दोन प्रोसेसरचं मशीन मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. शेठला किंमत सांगितली तर त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "किराये पे मिलता है क्या?"
त्या माणसाला लिहिलं, बघतो. कसं ते माहीत नाही.
गावाहून आईचा निरोप आलाय, पाडव्याला आला नाहीस, आता यात्रेला तरी ये. जमेल असं दिसत नाही. उद्या मनिऑर्डर करतो. पगार वाढलाय, म्हणून या वेळी शंभर जास्त, अकराशे.