काराबाशचा खोडा

नारीन, २ नोव्हेंबर १९९८

ती. ओरमोनदादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा चाळिसावा दिवस पार पडला. कपडे वाटले, फक्त त्यांचा काळा डगला ठेवलाय. आत्या टोमणा मारून गेली, की मेलेल्याचा डगला उराशी धरून बसलीस तर नवरा मिळायचा कसा! पण काय करू? बाबांना चिरडल्यापासून काराबाश वळू कुणाला जुमानत नाही. डगला त्याला अडकवायच्या लोखंडी खोड्याच्या खांबावर टांगला की मात्र वळू आपणहून आत येतो, हुंगत उभा राहतो. कधी माझ्या खांद्यावरून मागे बघतो. मागे कुणी नसतं.

गुरुवारी, बारा तारखेला, गुरांचे डॉक्टर त्याचं रक्त तपासायला घेणार. ते चांगलं निघालं की त्याला विकून टाकू.

लोभ आहेच, तसाच असू द्यावा.

तुझी शाइरा

बिश्केक, ७ नोव्हेंबर १९९८

चि. शाइरास अनेक आशीर्वाद.

डगला आजच्या आज मेंढपाळाला देऊन टाक! वळू वासानं धरला जात नाही, लोखंडानं धरला जातो. तो खोडा मी या हातांनी जोडलाय, म्हणून बजावतो: आधी मान अडकव, मग मागचा अडसर टाक, खिटी घाल, त्यानंतरच बाजूच्या दारानं त्याच्या मागे जा. बाबांनी तीस वर्षं हेच केलं. खिटीला त्यांची ती डावखुरी गाठ मारायचे, जी तुला-मला कधी जमली नाही. एकदाच अडसर विसरले, वळूच्या मायेवर विसंबले. माया म्हणजे अडसर नव्हे! या घरातलं आणखी एक माणूस मी त्याला देणार नाही.

मायाळू, पण रागावलेला,
ओरमोन

नारीन, १३ नोव्हेंबर १९९८

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

डगला दिला. काल गुरुवार, गेलेल्यांचा वार, म्हणून तळणीचा वास बाबांपर्यंत पोचावा यासाठी सकाळी पिठाचे बोरसोक तळले. तळणीचा धूर गोठ्याकडे गेला, आणि डगला नसतानाही काराबाश आपणहून खोड्यात शिरला. मी मान अडकवली. डॉक्टर घाई करत होते. म्हणाले, वळूची मनधरणी नंतर कर, मला अजून चार घरं आहेत. मी बाजूच्या दारातून वळूच्या मागे गेले.

तेवढ्यात त्याची मान निसटली आणि तो सगळं वजन घेऊन मागे रेटत आला. तेव्हा आठवलं, दादा, अडसर मी टाकलाच नव्हता.

पण टाकलेला अडसर माझ्या छातीपासून वीतभर अंतरावर थरथरला. हलला नाही. डॉक्टर म्हणतात, त्यांनी त्याला हातही लावला नाही. खिटीला डावखुरी गाठ होती.

पुन्हा मान अडकवून रक्त घेतलं आणि वळूला पुढून सोडलं. गाठ मी सोडलेली नाही, येऊन बघ. येताना एक जाड डगला आण. इथं बर्फ पडायला लागलाय, आणि बाबांचा आपण देऊन टाकला.

लोभ माझ्यावर नि बाबांवर, दोघांवरही असावा.

शाइरा