वंशावळीतली दुहेरी रेघ

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ऋचाने आज मला कामाला लावलं. बारावीच्या जीवशास्त्राचा प्रकल्प — घरातल्या चार पिढ्यांची वंशावळ काढायची आणि एखादा गुण कसा उतरत आला ते दाखवायचं. "आजोबा, गेलेली माणसं तुमच्याकडे, असलेली मी बघते." नातीने अशी वाटणी केल्यावर नाही कोण म्हणणार?

कंपनीच्या टाइम ऑफिसात बत्तीस वर्षं माणसांची नावं लिहिली, पण ती सगळी हजेरीपुरती. आज वडिलांचं नाव लिहिताना हात थांबला. गावची शाळा आठवली. गुरुजी खडूचा डबा टेबलावर वाजवून ताल धरायचे आणि आम्ही चौथीची पोरं मान हलवत कविता म्हणायचो. अर्थ कळायचा नाही, पण घरी जाताना तो ताल पायांत असायचा.

पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ; गुण ज्याच्यात दिसतो त्याची खूण काळी. मी म्हटलं, "तुझी आजी चांगली उंच होती. ह्या एवढ्याशा गोलात कशी मावेल?"

"आजोबा, हे शास्त्र आहे."

"शास्त्रातसुद्धा माणूस मावायला हवा, बाळ."

हसली. पण माझ्या कस्तुराचं वर्तुळ थोडं मोठं काढलं तिने.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऋचा गॅलरीत मोठ्याने वाचत होती. क्लोनिंग. केळीला बुडाशी मुनवे, म्हणजे नवे कोंब, फुटतात, ते लावले की तेच झाड पुन्हा उभं राहतं — म्हणजे आमच्या मळ्यातली केळीची अख्खी बाग ही एकच केळ! मी लहानपणी तिच्या सावलीत पालथा पडून कविता पाठ करायचो. शंभर झाडं ऐकताहेत असं वाटायचं. ऐकणारं एकच होतं तर.

सहज विचारलं, माणसाचं असं करता आलं तर?

ती म्हणाली, "दिसेल आजीसारखी. पण तुम्हाला ओळखणार नाही. आठवणी नाही उतरत, आजोबा."

मग नकोच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गुण कोणता घ्यायचा यावर आज घरात वाद. मी म्हटलं, आमच्या घराण्याचं नाक घे. ऋचा म्हणाली, दादाचं घेते. निमिष जन्मतः बहिरा आहे, ते.

पद्मा, माझी लेक, स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ. "ते नको. दुसरं काहीही घे."

"आई, मी दादाला विचारलंय. तो हो म्हणालाय."

निमिष तेव्हाच चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आला होता. त्याने हातवारे करून काहीतरी सांगितलं आणि ऋचा खुदकन हसली. "म्हणतो, मला काळा चौकोन कर. गर्दीत उठून दिसेन." पद्मा हसली नाही. परत पोळपाटाकडे गेली.

तिला का नको ते मला माहीत आहे. निमिष पोटात होता तेव्हा वैशाखात चंद्रग्रहण लागलं. गर्भारशीने ग्रहणात काही चिरायचं नाही, कापायचं नाही. कस्तुराने दहादा बजावलं होतं. तरी ह्या पोरीने विळी घेऊन कैरी चिरली. तोंडाला चव नव्हती म्हणे. पुढे निमिष दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळेना. तेव्हा कस्तुरा म्हणाली — कैरी भोवली. मी नाही म्हणालो नाही. मीही तेच मानलं. वर्षानुवर्षं, पाहुण्यांनी विचारलं की आम्ही तेच सांगत आलो. पद्मा समोर चहाचे कप ठेवत असायची.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी पडल्या पडल्या रामाकाका आठवला. वडिलांचा धाकटा भाऊ. ऐकायचा नाही, बोलायचा नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवून त्याच्या गळ्यातली घंटा हाताने ऐकायचा. घरात म्हणत, लहानपणी ताप डोक्यात गेला. कुठला ताप, कुणी पाहिला?

उठून ऋचाला सांगितलं. तिने पेन्सिल खाली ठेवली. "आजोबा, हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलंच नाही."

तिने वरच्या ओळीतला एक चौकोन काळा केला. आता कागदावर दोन काळे चौकोन आहेत. रामाकाका आणि निमिष.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज ती दुहेरी रेघ पाहिली.

नवरा-बायकोमध्ये एक आडवी रेघ असते. प्रभाकर आणि पद्माच्या मध्ये ऋचाने दोन काढल्या. मला वाटलं हात चुकला. "नाही आजोबा. नात्यातलं लग्न असलं की दोन रेघा. बाबा तुमच्या बहिणीचा मुलगा ना?"

हो. माझा सख्खा भाचा. म्हणून तर कस्तुरा गेल्यावर जावयाच्या घरी राहायला मला संकोच वाटला नाही. तो अजून मला मामाच म्हणतो.

मग तिने समजावलं, मी टाइम ऑफिसच्या भाषेत समजून घेतलं. प्रत्येकाजवळ प्रत्येक गुणाच्या दोन प्रती. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं, माणूस ठणठणीत ऐकतो. पण आईकडून बिघडलेली आणि बापाकडूनही बिघडलेलीच आली, तर लेकरू बहिरं. परक्या घरात तीच बिघडलेली प्रत क्वचित भेटते. नात्यात मात्र दोन्हीकडे एकाच आजोबाची निघू शकते.

म्हणजे माझ्या वडिलांची. माझ्याकडून पद्माकडे, माझ्या बहिणीकडून प्रभाकरकडे. आम्हा दोघा भावंडांना लांबून येणाऱ्या एसटीचा आवाज ऐकू यायचा.

"आणि ग्रहण?" मी विचारलं.

ऋचाने पुस्तक मिटलं. म्हणाली, "चाचणी केल्याशिवाय शंभर टक्के नाही सांगता येत. पण कैरीने नाही होत, आजोबा."

२४ नोव्हेंबर, सोमवार

जेवण गेलं नाही. पद्माने विचारलं, पित्त झालंय का? हो म्हणालो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लिहूनच टाकतो. कुणाला दाखवायचं नाही.

पद्माला बारावी सायन्सला एक्क्याऐंशी टक्के होते. बीएस्सीचा फॉर्म आणून तिने माझ्यापुढे ठेवला होता. त्याच आठवड्यात माझी बहीण सुभद्रा गावाहून आली. पदर पसरून म्हणाली, "मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो, दादा. बाहेर देऊ नकोस." मला किती बरं वाटलं! घरातली लेक घरातच राहणार. हुंडा नाही, परकं माणूस नाही, सासू म्हणजे सख्खी आत्या. पद्मा म्हणाली, "अण्णा, तीन वर्षं थांबा ना." मी म्हणालो, शिकून तरी काय, शेवटी पोळ्याच लाटायच्या. मी, कवितेवर जीव टाकणारा माणूस, असं बोललो.

प्रभाकर वाईट नाही. चिखलीत स्वतःचं वर्कशॉप आहे, दिवसभर लेथवर उभा असतो. कधी तिला वेडंवाकडं बोलला नाही. पण कैरीचा विषय निघाला की तोही खाली बघायचा.

निमिष चार वर्षांचा असताना मी त्याला मांडीवर घेऊन शाळेतल्या कविता म्हणायचो. त्याला ऐकू येत नाही हे ठाऊक असून. तो तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचा आणि कडवं संपलं की थोपटायचा — पुढचं म्हण. पद्मा दारातून बघायची. मला वाटायचं, तिला पश्चात्ताप होतोय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी नातीकडे हलक्या आवाजात एक मागणी केली. "त्या दोन रेघांच्या जागी एकच काढ ना. प्रकल्प तपासणाऱ्या बाईंना काय कळतंय?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं. "मग ते खोटं होईल, आजोबा. एक रेघ काढली तर दादा काळा का, ह्याचं उत्तरच राहत नाही."

"आईला दाखवलंस?"

"परवा दाखवणार. आधी रंगवते."

म्हणजे माझ्याजवळ उद्याचा दिवस आहे. पद्माला हे कागदावरून कळता कामा नये. ज्याने केलं त्याने सांगावं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी चिमट्यांची टोपली धरून उभा राहिलो. मनात बरीच वाक्यं जुळवली होती. ऐन वेळी एवढंच म्हणालो, "पद्मे, कैरीचं काही नव्हतं. माझं होतं. मी तुला नात्यात दिली. ऋचाच्या पुस्तकात लिहिलंय."

तिने निमिषचा कंपनीचा शर्ट झटकला, दोरीवर टाकला, चिमट्यासाठी हात पुढे केला. मी दिला.

"तुझी आई गेली. ती तुझी माफी मागायला राहिली नाही. तिच्या वाटची मी मागतो."

"अण्णा, उन्हात नका उभे राहू," म्हणाली, आणि रिकामी बादली घेऊन खाली गेली.

संध्याकाळी प्रभाकर विचारत होता, "मामा, काय झालंय हिला?" काय सांगू त्याला?

३० नोव्हेंबर, रविवार

पद्मा सकाळी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मला माहीत होतं, अण्णा. निमिष दोन वर्षांचा होता तेव्हापासून. डॉक्टरांनी एकच विचारलं होतं — नवरा नात्यातला का?"

मग बोलली का नाहीस?

"कैरीचं म्हटलं तर दोष माझ्या एकटीचा. खरं सांगितलं असतं तर तुमचा, आईचा, आत्याचा. घरात कुणी कुणाकडे बघितलं नसतं."

ऋचाच्या वेळचे नऊ महिने, हे बाळ तरी ऐकेल की नाही या धास्तीत, तिने एकटीने काढले.

मला एक दिवस आठवतो. ऋचा चार दिवसांची होती. पाळण्यात झोपलेली. पद्माने स्टीलची थाळी उचलली आणि पाळण्याशेजारी फरशीवर जोरात आपटली. बाळ दचकलं, किंचाळून रडायला लागलं. पद्माही तिथेच बसून रडायला लागली. मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो होतो — लेकरू झोपलंय, तुला अक्कल आहे का?