गुरुवारच्या बैठकीतला गोरक्ष

अकोले,
१४ फेब्रुवारी १९७३

प्रिय चांगुणा,

तुमचा गडी भिमाजी तुझं पत्र देऊन बसला आहे, त्याच्याच हाती उत्तर पाठवतो. दहाव्याला गोरक्ष काविळीनं गेला एवढंच सांगावं, नगरच्या दवाखान्यातल्या दारुड्यांना बोलावू नये, नणंदेची सोयरीक जुळते आहे, असं तू लिहिलंस. तुझ्या भावाबद्दल मी आजवर कुणाशी फारसं बोललो नाही. तुला लिहितो.

दर गुरुवारी तो पहाटेच्या एसटीनं नगरला जायचा. तिथं आठ जण गोल करून बसत. डॉक्टर म्हणत, दारू सुटेल, पण स्वभावाच्या आजाराचं काय? संशय, आदळआपट, आपल्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणं, सगळं एकमेकांसमोर बाहेर काढायचं. 'तिच्यामुळे', 'त्याच्यामुळे' म्हणायला तिथं बंदी. 'मी' म्हणूनच सुरुवात करायची. गोरक्षला दोन महिने ते जमेना. त्यांच्यातला छगन शिंपी त्याला चिडवायचा, की गड्या, बाटली सुटली, आता रुसणं सोड. एकदा गोरक्ष रागानं उठून गेला, तर हाच छगन स्टँडवरून त्याला परत घेऊन आला.

दिवाळीनंतर घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून मी गेलो. गोरक्षनं आदल्या गुरुवारी सगळं सांगून टाकलं होतं, तुझ्या आईवर हात उचलला तेसुद्धा. डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, पोरगा सालस आहे, संगतीनं बिघडला. गोरक्ष खाली बघत म्हणाला, "आबा, हितं तरी खरं बोला. मी लई हिंमत करून बोललोय." मला तेव्हाही तोंड उघडता आलं नाही.

पुढं तीन महिनेच राहिला. लिव्हर आधीच गेलं होतं. पण नऊ महिने थेंब घेतला नाही. अंथरुणावरून आईची माफी मागितली, ती कुणालाही दोष न देता.

म्हणून आधीच कळवतो. शनिवारी प्रवरेच्या घाटावर बोलणारे उठतील, त्याला निर्व्यसनी, मनमिळाऊ म्हणतील. त्यांच्या आधी मी उभा राहणार. त्यानं काय केलं आणि कसं सोडलं, दोन्ही सांगणार. त्या दिवशी मी खोटं बोललो, तेही. छगन आणि बाकीचे सहा जण पुढं बसतील. तुझ्या सासरच्यांना चालत नसेल तर त्यांनी येऊ नये. तू ये. नाही आलीस तरी मी बोलणार आहे.

तुझा बाप,
आबा