चिरडलेली सिगार

रेवदंडा, शनिवार, संध्याकाळ

माती मीच खाल्ली. किहीमच्या बंगल्यात दर शनिवारी चार-पाच जण सिगार ओढायला जमतात, त्यांनी आज मला पहिल्यांदा बोलावलं होतं. माझी बायको झुबेदा गेली, मी मस्कत सोडून कायमचा घरी आलो, त्यानंतर कुणी बोलावलं असं हे पहिलंच. जेट्टीवर बसतो तर लोक सलाम करतात आणि पुढे जातात.

टोक नीट कापलं. धूर गिळायचा नाही, तेही सांभाळलं. मग लांबून अजान ऐकू आली आणि हात आपोआप खाली गेला. अजान झाली की अब्बा हातातली बिडी दाबून विझवायचे, तीच सवय. अर्धीही ओढून झाली नव्हती. चिरडल्यावर असा उग्र वास सुटला की सगळ्यांनी तोंडं फिरवली.

बंगल्याचे मालक कर्नलसाहेब हसून म्हणाले, "काझीभाई, सिगार चिरडत नाहीत. नुसती ठेवून द्यायची. आपली आपण विझते."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. अजानचं सांगायला हवं होतं का? मी नुसता सॉरी सॉरी करत राहिलो. बोटांचा तो वास साबणानेही जात नाही.

घरी येताच कर्नलसाहेबांना मेसेज टाकला, 'पुढच्या शनिवारी येऊ ना?' दोन निळ्या खुणा लगेच आल्या. तेव्हापासून फोन हातातच आहे. अल्ला, 'नको' म्हणाले तरी चालेल.

काही नाही. मला ठेवून दिलंय.