त्या मंगळवारचा सूर्य

वडपे, १२ मे

प्रिय मृणाली,

फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तीनदा 'जेवलीस का' एवढं विचारून ठेवून दिला. म्हणून पत्र. बापाचं अक्षर लागेल तसं वाच.

इथे ठीक म्हणावं असं काही नाही. उन्हाळा संपता संपत नाही. आपल्या खाचरांवर गोडाऊन उभं राहिलं तेव्हा ट्रक वळायला जागा हवी म्हणून मी बांधावरच्या दोन्ही चिंचा पाडल्या, ते आता रोज आठवतं. पत्र्याखाली पाच मिनिटं उभं राहिलं की डोकं गरगरतं.

दिवाळीत ओटीवर बसून तू तुमच्या उपग्रहाचं समजावलं होतंस. तो वरून रोज सूर्य मोजतो, मध्ये ढग नाही, धूळ नाही. अकरा वर्षांत सूर्याचं तेज हजारात एखाद्या भागाने चढतं-उतरतं, बाकी सूर्य होता तसाच आहे. पुढे तू म्हणालीस, तापलीय ती पृथ्वी. आपण सोडलेल्या धुरापायी आलेली उष्णता बाहेर पडत नाही, अगदी आपल्या गोडाऊनच्या पत्र्याखाली होतं तसं. पण माझी छाती तेव्हा अशी फुगली होती की पुढचं मी कानावरून जाऊ दिलं. नाक्यावर सांगत सुटलो, माझी मृणा सूर्याला थर्मामीटर लावते!

तुझा चिंधूकाका, ज्याच्या खांद्यावर बसून तू भातलावणीला यायचीस, तो शेत गेल्यावर माझ्याच ठेक्यावर हमाल झाला होता. एप्रिलात तो सगळ्यांच्या वतीने आला. "केसरीदादा, यंदा सूर्य लय तापलाय. बारा ते चार काम नको." मी चारचौघांत त्याची थट्टा केली. म्हटलं, माझी पोरगी वरून मोजते, सूर्य तेवढाच हाय, तुमचा आळस वाढलाय. सगळे हसले. तोही हसला आणि कंटेनर खाली करायला गेला.

पुढच्याच मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला, अडीच वाजता तो कंटेनरमध्येच कोसळला. अंग इतकं तापलं होतं की हात लाववत नव्हता. ठाण्याला नेताना कशेळीच्या पुलावर गाडी अडकली. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिथेच गेला. आता बारा ते चार काम बंद केलंय मी. त्याचा चिंधूला काय उपयोग?

परवा तेरावं झालं. पुतळाबाई, त्याची बायको, माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दादा, तुमच्या मृणाला इचारा, त्या दिवशी सूर्य जास्त होता का? तसा असंल तर देवाची मर्जी म्हणून गप बसन." हो पुतळा, जास्तच होता, हे अगदी ओठावर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो. बोललो नाही, पण उद्या बोलेन याची मला भीती वाटते. म्हणून हे पत्र. अठ्ठावीस एप्रिलचा आकडा बघ आणि तुझ्या हाताने कागदावर लिहून पाठव. काय येणार ते मला ठाऊक आहे. त्याखाली दिवाळीत मी न ऐकलेलं पुढचंही लिही. ते ऐकल्यावर देवाची मर्जी उरत नाही, माझी चूक उरते; ती माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. पण तिला वाचता येत नाही, मृणा. दोन्ही मलाच वाचून दाखवायचं आहे.

तुझाच,
बाबा