मामांची बिडी

पुणे,
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की नाथादादा आणि वहिनी कान लावून बसतात म्हणून पत्रच लिही, ही तुझी अट मी पाळते आहे. पोस्टाचं पाकीट मागितलं की इथला टपालवाला माझ्याकडे दोनदा बघतो. मी खुशाल आहे. डबा बरा आहे, पण ज्वारीची भाकरी मिळत नाही.

आता कामाचं. आमच्या संग्रहालयात पंधरा डिसेंबरपासून ‘पांघरूण’ नावाचं प्रदर्शन आहे. वाकळ, शाल, इरलं, रजई, माणूस जे जे अंगावर घेतो ते सगळं. विजयसिंह सर त्याचे क्युरेटर आहेत, म्हणजे काय मांडायचं, कुठे आणि का, हे ठरवणारे. धनश्रीताई कलाकार. या दोघांशी गप्पा मारायच्या, प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरं भिंतीवर वाचता येतील अशी लिहायची, हे माझं काम. मी धनश्रीताईंना विचारलं की स्वतः चित्र काढायचं सोडून लोकांची वापरलेली पांघरुणं कशाला गोळा करता. त्या म्हणाल्या की माझ्या चित्राखाली अजून कुणी झोपलेलं नाही. सरांचं म्हणणं असं की संग्रहालयात आली की प्रत्येक वस्तू पाहुण्यासारखी अवघडून बसते, तिला तिचं घर आठवत राहिलं पाहिजे.

मागच्या हिवाळ्यात ताई माझ्यासोबत देऊळ बघायला आल्या होत्या आणि तुझ्याकडेच उतरल्या होत्या. अंगणात दोरीवर तुझी घोंगडी होती आणि तिच्या भोकातून उन्हाचा कवडसा भिंतीवर पडला होता. तो त्या विसरलेल्या नाहीत. अंधाऱ्या खोलीत ती घोंगडी टांगायची, मागे दिवा ठेवायचा आणि तेवढा एक उजेड समोरच्या भिंतीवर पाडायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. भोकाची गोष्ट मी त्यांना सांगितली, आपल्या घरात सगळे सांगतात तीच. पाटीही तयार आहे: ‘मेंढपाळाच्या बिडीने पडलेले भोक’. आत्या, भिंतीवर माझं नाव लागणार असं हे पहिलंच प्रदर्शन आहे. घोंगडी बाबांकडे दे. मांजरसुंब्याला ट्रॅव्हल्स जेवायला थांबते, तिथे ते ड्रायव्हरच्या हवाली करतील.

नाथादादाला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
ऋतुजा

धर्मापुरी,
दि. २४ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुजास,
भामाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. इकडे सगळं ठीक. नाथाचा हरभरा उगवून आला आहे, मेंढ्या माळावर आहेत, थंडीने माझा गुडघा बोलायला लागला आहे.

तुझी धनश्री मला चांगली आठवते. ठेच्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी आणखी वाढा म्हणत होती. पोरगी गुणाची आहे, पण तिचं मागणं काही मला उमगलं नाही. पेटीत घडीसुद्धा न मोडलेली सोलापुरी चादर आहे, ती नको आणि फाटकी घोंगडी हवी. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. शेजारची तुळजाबाई तर म्हणाली की भामे, तुज्या घरचं भोक लोकं आता तिकीट काढून बघनार, लई नशीबवान हायेस. हसून हसून तिला खोकला लागला.

आणखी एक. तुझे मामा, म्हणजे आमचे हे, गेले तरी त्यांना मानणारी माणसं गावात आहेत. भिंतीवर बिडीचं लिहिलंच पाहिजे का, एवढं त्या सरांना विचारून बघ. मी हट्ट करत नाही, विचार म्हणते.

तुझं नाव लागणार आहे म्हटल्यावर मी नाही कशी म्हणू? घोंगडी तुझ्या बापाकडे, बिभीषणाकडे दिली आहे. नीटनेटकी करून दिली आहे. परक्याच्या दारी जाताना माणूससुद्धा तोंड धुऊन जातो.

जेवणाची आबाळ करू नको. म्हातारीची आठवण ठेवत जा.

तुझी आत्या,
भामाबाई

पुणे,
दि. २ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न.

आज राग आला आहे, म्हणून आधी माफी मागते आणि मग लिहिते.

घोंगडी आली. सर, धनश्रीताई, आमच्या इथले वस्तूंची डागडुजी करणारे, सगळे टेबलाभोवती उभे होते. हातमोजे घालून गाठोडं सोडलं. घोंगडी उलगडली आणि भोकच नाही! काळ्या लोकरीने तू ते असं बुजवलं आहेस की कुठे होतं ते बोटाने चाचपडून शोधावं लागलं. धनश्रीताई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की संपली माझी खोली, आता नुसता अंधार टांगायचा का. मी सामानाच्या खोलीत जाऊन रडले. तिथे असते तर तोंडावरच विचारलं असतं, कावून केलंस असं? एवढं सविस्तर लिहिलं होतं मी.

डागडुजी करणारे म्हणाले की तासाभरात उसवून देतो. पण सरांनी अडवलं. ते म्हणाले की जिची वस्तू आहे तिने समजून-उमजून सांधली आहे, तिच्या शब्दाशिवाय मी धाग्याला हात लावू देणार नाही. मी म्हटलं की गावाकडच्या माणसांना यातलं काय कळतं, आत्याने आपलं सवयीने शिवलं असेल.  मग मला लाज वाटली. ताईंचं म्हणणं स्पष्ट आहे, उजेड नसेल तर त्या आपलं काम मागे घेणार. म्हणजे ती खोली जाणार आणि मी लिहिलेला मजकूरही तिच्याबरोबर जाणार.

बिडीचंही विचारलं. सर म्हणाले की घरचीच माणसं सांगतात आणि खरं आहे, तर लपवायचं कशाला.

तर आत्या, उसवू का? बारा तारखेच्या आत कळव. फोन करणार होते, पण फोनवर तू नुसती हो हो म्हणतेस आणि मनातलं मनातच ठेवतेस.

रागावले तरी तुझीच आहे, हे ध्यानात असू दे.

ऋतुजा

धर्मापुरी,
दि. ६ डिसेंबर २०२४

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामांनी जन्मात बिडी ओढली नाही. आता सगळं नीट वाच.

तुझ्या भावाच्या, शिवशंकरच्या वेळी तुझी आई बाळंतपणाला माहेरी गेली आणि तुला आमच्याकडे ठेवलं. तू तीन वर्षांची. घाटनांदूरच्या एका रानात खतासाठी आमच्या मेंढ्या बसवल्या होत्या. दिवस मावळायला मामांनी शेकोटी केली आणि तुला घोंगडीत गुंडाळून जवळ बसवलं. घोंगडी तेव्हा कोरी होती, माझ्या वडिलांनी दिलेली. मी हंडा घेऊन विहिरीवर गेले होते. तुझा पाय कधी एका जागी राहिला आहे? मारलीस लाथ लाकडाला, निखारा उडाला तो घोंगडीवर. लोकर भडकत नाही, आतल्या आत जळत जाते. त्यांनी तुला उचललं तोवर भोक पडलं होतं.

माझा राग मेंढपाळांच्या सगळ्या तळाला माहीत होता, आणि ती माहेरची वस्तू. मी परत आले तर हे सोबतच्या हरिबा मेंढपाळाची बिडी हातात धरून बसलेले. म्हणाले की माजी चूक झाली, बिडीची ठिणगी पडली. आणि मला पटावं म्हणून एक झुरका मारला. असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले! मी तोंड फिरवून हसले आणि मग अशी बोलले, अशी बोलले, की मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबल्या असतील. ते खाली मान घालून ऐकत राहिले. तू त्यांच्या पाठीमागून डोकावून बघत होतीस आणि तुझ्या टाचेवर राख होती.

मला कळलं आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनीही कधी कबूल केलं नाही. पुढे जन्मभर कशावरून बिनसलं की मी बिडीचा विषय काढायची, आणि ते जमिनीकडे बघून हसायचे. तुझ्या बापाने मग ‘मामांची बिडी’ सगळ्या पाहुण्यारावळ्यांत गाजवली. ते गेल्यावर मला ते भोक बुजवावंसं वाटलं नाही. घोंगडी वाळत घातली की मी त्यातून हात घालून बघायची.

मग तू लिहिलंस की हे भिंतीवर लागणार. घरात हसायला ते ठीक होतं, कारण हसणारा माणूस समोर होता. चार परक्यांनी वाचलं तर ते नुसतं खोटं झालं, आणि ते निस्तरायला हे नाहीत. म्हणून बसले आणि बुजवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बुजवताना मी रडले, तेही लिहून टाकते. तुला आधी सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तुला लाथ आठवून वाईट वाटलं असतं, आणि ज्यासाठी त्या माणसाने धुराचा ठसका खाल्ला तेच वाया गेलं असतं. आता तू विचारलंसच आहेस आणि तू मोठी झाली आहेस.

उसव. पण दुसऱ्या कुणाच्या हाताने नाही. पहिल्यांदा तुझ्या पायाने पडलं, आता तुझ्या हाताने पडू दे. कात्री लावू नको. उलट्या बाजूला डावीकडे टोक ठेवलं आहे, ते हळू ओढ, धागा सरळ निघून येईल. आणि पाटीवरची बिडी तेवढी काढ.

नाथा गुरांना पाणी दाखवायला हाक मारतो आहे. जीव लावत राहा.

तुझी आत्या,
भामाबाई

पुणे,
दि. १६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी संग्रहालयाच्या पायरीवर बसून वाचलं. मग ते सरांना आणि ताईंना वाचून दाखवलं. ठसक्याच्या जागी ताई खळखळून हसल्या आणि पुढच्याच ओळीला उठून खिडकीशी गेल्या. सरांनी छापलेली पाटी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले की नवी तुम्हीच लिहा.

धागा मी ओढला. टोक तू सांगितलंस तिथेच होतं. न तुटता सगळा निघाला. सर म्हणाले की हाही काचेखाली ठेवू. मी नाही म्हटलं. तो पाकिटात घालून माझ्या पर्समध्ये ठेवला आहे.

काल उद्घाटन झालं. खोलीत शिरलं की आधी काही दिसत नाही, मग समोरच्या भिंतीवर भाकरीएवढा उजेड दिसतो. लोक त्या उजेडात हात धरून बघतात. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही. बाजूला माझी पाटी आहे, तीही लिहून पाठवते:

घोंगडी: भामाबाई, धर्मापुरी.
भोक: ऋतुजा, वय वर्षे तीन.
बोलणी खाल्ली: अंगदमामा.

फेब्रुवारीत प्रदर्शन उतरतं, त्याआधी तू ये. बाबा तुला मांजरसुंब्याला गाडीत बसवतील. येताना सुई आण, धागा माझ्याकडे आहे. आणि त्या संध्याकाळी मामांनी ऐकून घेतलं ते सगळं माझ्या वाट्याचं होतं, आत्या. तेही विसरू नको, आलीस की एकही शब्द कमी न करता मला बोल.

तुझीच,
ऋतुजा