आईचा फोटो छापताना

३ फेब्रुवारी

पट्टे! आईच्या कपाळावर आडवे पांढरे पट्टे. लेक नोकरीसाठी गेली तेव्हा हा प्रिंटर इथेच ठेवून गेली. तेव्हापासून बंदच होता.

बाबा आजही ताटावरून उठले. "ती जेवली का? ती जेवल्याशिवाय मी नाही." आई गेलीय, हे सांगायचं म्हणजे त्यांना रोज नव्याने रडवायचं. अंगावरचे कपडे लोंबायला लागलेत त्यांच्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, तिचा फोटो मोठा करून समोर ठेवा, कदाचित खातील. मूळ फोटो तळहाताएवढा, माझ्या जन्माआधीचा. बाबांना त्यात काही दिसत नाही.

४ फेब्रुवारी

शाई वाळतच नाही. हात लावला तर आईची हनुवटी माझ्या बोटाला! लेकीला फोन केला. ती हसतच सुटली. "पप्पा, कागद उलटा घातलात! चकचकीत बाजूवर छापायचं." गावच्या शाळेत पाटी दोन्ही बाजूंनी लिहायचो — कागदाला पाठ असते हे मला कोण सांगणार!

५ फेब्रुवारी

कागद सुलटा, शाई वाळली. छापून छापून पट्टेही गेले. पण आता आई हिरवट! चेहरा आजाऱ्यासारखा, तपकिरी स्वेटर गवतासारखा. टेस्टचं पान काढलं, तर गुलाबीच्या जागी कोरं. शाई सोडणारं हेड साफ करायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. प्रत रद्दीत टाकली.

ही म्हणाली, "तुम्ही तरी जेवा. बापलेक सारखेच!"

६ फेब्रुवारी

प्रार्थनेला बसलो. डोळे मिटले की टेस्टच्या पानावरच्या तुटक रेघा. देवा, माफ कर.

बाबांनी नुसता चहा घेतला.

७ फेब्रुवारी

लेक म्हणते, "सारखं बटण दाबू नका. एक दिवस तसाच राहू द्या, सुकलेली शाई सैल होते." राहू द्या म्हणे! दर थोड्या वेळाने त्या खोलीत जातो, झाकण उघडतो, लावतो.

८ फेब्रुवारी

जमलं! गुलाबी रेघा अखंड. मूळ फोटो शेजारी धरून ताडून पाहिलं — तोच तांबूस चेहरा, तोच तपकिरी स्वेटर. हात जोडले. चौकटीत बसवून बाबांपुढे ठेवला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "बाई चांगली दिसते. कुणाकडची?"

ताट तसंच परत गेलं. प्रिंटर उचलून आपटावा वाटलं. देवाशीही बोललो नाही.

९ फेब्रुवारी

ही रद्दी बांधत होती. बाबांनी गठ्ठ्यातून ती हिरवट प्रत ओढून काढली. "अरे, हा स्वेटर! हिरवा मीच घ्यायला लावला. दुकानातच भांडली होती माझ्याशी."

म्हणजे मूळ फोटोच विटून तांबडा झालाय — आणि मी इतके दिवस त्याच्याशी ताडत बसलो!

बाबांनी प्रत ताटाशेजारी, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवली. "आली एकदाची. सूनबाई, दोघांना वाढ."

हिने दोन ताटं वाढली. बाबा जेवले.